वेडा कोणी ठरवायचा? ऋद्धपूर, कामठी, सेवाग्राम

आपल्या भाषेत वेडासाठी शब्दांची कमतरता कधीच नव्हती. वेडा, खुळा, चक्रम, सणकी, तऱ्हेवाईक, विक्षिप्त, भ्रमिष्ट, पिसाट, आमच्या वऱ्हाडी बोलीत येडा आणि बह्याड, नागपूरकडे पागल. शिवाय वल्ली आणि अवलिया हे दोन शब्द आहेत, ज्यांत वेडाची छटा असूनही अपमान नाही. यांतला प्रत्येक शब्द वेगळ्या अंतरावरून उच्चारला जातो. घरातल्या माणसाला आपण लाडाने येडा म्हणतो, शेजाऱ्याला चक्रम म्हणतो, आणि ज्याची भीती वाटते त्याच्याविषयी 'याला नागपूरला पाठवा' असे बोलतो. पुण्याकडे जे येरवड्याचे आणि मुंबईकडे जे ठाण्याचे, तेच विदर्भात नागपूरचे. १८६४ साली तिथे वेड्यांचे इस्पितळ निघाले आणि शहराचे नावच एका अर्थाने शिवी झाले.

अलीकडे या जुन्या शब्दांच्या जागी नवे आले आहेत. कोणी फार बोलला की तो बायपोलर, एकटा राहिला की डिप्रेशन, वस्तू नीटनेटक्या लावल्या की ओसीडी, पोर वर्गात गप्प बसले की ऑटिझम. हे शब्द दवाखान्यातून निघाले आणि चहाच्या टपरीपर्यंत पोहोचले. म्हणून हल्ली एक तक्रार वारंवार ऐकू येते: समाज वेगळ्या स्वभावाच्या माणसांना फार लवकर मनोरुग्ण ठरवतो. या तक्रारीत तथ्य आहे, पण ती जशी मांडली जाते तशी पुरेशी नाही, असे माझे म्हणणे आहे. त्यासाठी वर्धा नदीच्या आसपासच्या, तीन वेगवेगळ्या काळांतल्या तीन माणसांकडे पाहू. तिघांचे वागणे लोकरीतीला सोडून होते. तिघांना वेडे म्हटले गेले. पुढे मात्र तिघांचे तीन प्रकारे झाले.

१. ऋद्धपूर

वर्धा जिल्ह्यातील आष्टीकडून नदी ओलांडली की अमरावती जिल्ह्याचा मोर्शी तालुका लागतो. त्यातले ऋद्धपूर हे महानुभावांचे मोठे क्षेत्र. तेराव्या शतकात इथे गोविंदप्रभू, म्हणजे गुंडम राऊळ, राहत होते. चक्रधरांचे ते गुरू आणि पंथाच्या पंचकृष्णांपैकी एक. म्हाइंभटांनी त्यांचे जे चरित्र सिद्ध केले, ते जुन्या मराठी गद्यातील अत्यंत मोलाचे पुस्तक आहे.

हे चरित्र वाचताना आजच्या वाचकाला थांबावे लागते. राऊळ कोणाच्याही घरात शिरतात, रांधलेले उचलून खातात, देवळातल्या मूर्तींशी बोलतात, क्षणात रागावतात, क्षणात हसतात, पोरांसारखे खेळतात. ज्या वस्त्यांत ब्राह्मणाने पाऊल टाकू नये असा दंडक होता, त्या वस्त्यांत ते सहज जातात. गावकरी त्यांना वेडे म्हणतात, पिसे म्हणतात, आणि चरित्रकाराने ते लपवलेले नाही. भक्ताने लिहिलेल्या चरित्रात भक्तिभाजनाला लोक वेडा म्हणत होते, हे इतक्या सरळपणे येणे ही मला या ग्रंथाची सर्वांत मोठी सचोटी वाटते.

पण गाव त्यांचे काय करते? चिडते, कुरकुरते, दार लावून घेते, पुन्हा उघडते. भुकेला घास देते. अडचणीत त्यांच्याकडेच धावते. वेडा हा शब्द तिथे आहे, पण त्या शब्दाला हातपाय नाहीत. तो उच्चारला म्हणून कोणाला कोठे नेले जात नाही, कोणाचा हक्क जात नाही. याचा अर्थ तेव्हाचे गाव फार उदार होते असा मुळीच नाही. ज्या गावात राऊळांनी कोणाच्या वस्तीत जावे याचीच चर्चा होत होती, ते गाव उदार कसे म्हणावे? शिवाय राऊळ पुरुष होते, ब्राह्मण होते, आणि त्यांच्याभोवती शिष्यांचा मेळा होता. तशीच वागणूक एखाद्या परित्यक्ता बाईची असती तर तिचे चरित्र कोणी लिहिले असते का, हा प्रश्न म्हाइंभटांच्या ग्रंथाचा मान ठेवूनही विचारला पाहिजे.

२. कामठी

सहा शतकांनी, त्याच मुलखात, वेडा या शब्दाला हातपाय फुटले. १८५८ च्या कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात वेड्यांच्या इस्पितळांची व्यवस्था लावली. मोकाट फिरणाऱ्या आणि वेड्या वाटणाऱ्या माणसाला पकडून मॅजिस्ट्रेटपुढे उभे करणे हे पोलिसाचे कर्तव्य ठरले. मॅजिस्ट्रेटने डॉक्टरच्या मदतीने तपासायचे, दाखला घ्यायचा आणि माणूस आत पाठवायचा. म्हणजे निदानाची पहिली पायरी पोलिसाच्या नजरेत होती.

कामठीचे ताजुद्दीन बाबा या व्यवस्थेत सापडले. जन्म १८६१ चा. काही काळ फौजेत नोकरी, सागरला वास्तव्य, तिथे नोकरीतून मन उडणे, आणि परत कामठीला आल्यावर रस्त्यांतून भटकणे. पोरे दगड मारत. कामठी ही छावणी. चरित्रे सांगतात की एके दिवशी ते गोऱ्या मडमांच्या टेनिसच्या मैदानावर उघड्या अंगाने गेले, आणि त्यावरून १८९२ साली त्यांची रवानगी नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात झाली. तिथे ते सोळा वर्षे होते. १९०८ साली राजे रघुजीराव भोसल्यांनी त्यांची जबाबदारी घेऊन त्यांना बाहेर काढले. शक्करदऱ्याला आणि वाकीला त्यांचा दरबार भरू लागला. १९२५ साली ते वारले. ताजबागेत आजही सर्व धर्मांचे लोक जातात.

कामठीच्या रस्त्यावर दगड खाणारा माणूस तोवर वेडा होता. छावणीच्या मैदानात पाऊल पडताच तो कायद्याच्या भाषेतला वेडा झाला. वागणे तेच होते, फक्त कोणाच्या डोळ्यांना ते खुपले एवढे बदलले. समाज लेबल लावतो असे आपण सरसकट म्हणतो, तेव्हा समाजातला कोण, हे विचारायचे राहून जाते.

आता भक्तांच्या चरित्रांकडे पाहू. त्यांचा सूर असा की बाबा स्वतःच्या मर्जीने इस्पितळात गेले. आत असताना बाहेर दिसले. तिथेच त्यांचा दरबार भरला. डॉक्टरही भक्त झाले. श्रद्धेचा मी अनादर करत नाही. पण या सांगण्याचा परिणाम काय होतो ते पाहावे. सोळा वर्षांची कोंडी ही लीला झाली की तिच्याविषयी जाब विचारायचे कारणच उरत नाही. अन्याय झाला नव्हता, कारण तो देवाचाच बेत होता. दुसरे असे की, चरित्रे एका माणसाला वेड्यांच्या यादीतून काढतात आणि यादी तशीच ठेवतात. बाबा वेडे नव्हते, बाकीचे होते. ते बाकीचे कोण होते? ज्यांना सोडवायला कोणी राजा आला नाही, ज्यांचे चरित्रकार नव्हते, त्यांत किती जण नुसते परमुलखातले, नुसते भुकेले, नुसते घरच्यांना नकोसे होते?

याचे थोडे उत्तर आपल्याला एका अनपेक्षित जागी मिळते. १८९३-९४ साली सरकारने गांजा-भांगेच्या चौकशीसाठी आयोग नेमला होता. गांज्याने वेड लागते असे इस्पितळांचे आकडे सांगत. आयोगाने ते आकडे तसेच उचलले नाहीत. १८९२ या एका वर्षात देशभरच्या वेड्यांच्या इस्पितळांत दाखल झालेल्या १,३४४ माणसांची प्रकरणे घेतली. त्यांपैकी २२२ जणांच्या नावापुढे वेडाचे कारण म्हणून गांजा, चरस किंवा भांग लिहिले होते. एकेक प्रकरण पुन्हा तपासल्यावर जेमतेम ९८ टिकली, आणि त्यांतही ३७ प्रकरणांत दुसरी कारणे मिसळलेली होती. उरलेल्यांच्या बाबतीत काय झाले होते? माणसाबरोबर पोलिसाचा कागद यायचा, त्यात कारणाचा रकाना असायचा, आणि तो रिकामा ठेवणे बरे दिसत नसे. गांजा ओढतो का? ओढतो. लिहा गांजा.

१८९२ हे ताजुद्दीन बाबांच्या रवानगीचेच साल. त्या वर्षी कागदावर जे लिहिले जात होते त्यातला मोठा भाग सरकारच्याच आयोगाला टिकवता आला नाही. रकाना भरण्याची घाई हे मला सगळ्या लेबलांचे मूळ वाटते. त्यात दुष्टपणा असतोच असे नाही. बहुतेक वेळा कारकुनी असते.

३. सेवाग्राम

तिसरी कथा आमच्याच जिल्ह्यातली. १९३६ च्या एप्रिलअखेर गांधीजी शेगावला राहायला आले. पुढे तेच सेवाग्राम. त्या आश्रमात नाना तऱ्हेची माणसे होती. त्यांतले सर्वांत विलक्षण जयकृष्ण भन्साळी. गुजराती, उच्चशिक्षित, एकेकाळचे प्राध्यापक, साबरमतीचे आश्रमवासी. मध्येच सगळे सोडून ते निघून गेले. वर्षानुवर्षे भटकले, मौन धरले, आणि मौन मोडू नये म्हणून तांब्याच्या तारेने स्वतःचे ओठ शिवून घेतले. कच्चे पीठ पाण्यात कालवून आणि कडुनिंबाचा पाला खाऊन राहत. अंगावर कपडा असला तर असला.

आज असा माणूस वर्ध्याच्या रेल्वे स्टेशनवर उतरला तर तासाभरात कोणीतरी त्याचे चित्रण करील आणि संध्याकाळपर्यंत दहा जण त्याचे निदान सांगतील. स्वतःच्या देहाला इजा करणे ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखीही नाही. कोणताही जबाबदार डॉक्टर ती गंभीरपणे घेईल, आणि घ्यावीच. गांधीजींनीही ती गंभीरपणे घेतली. तार काढण्यासाठी त्यांनी भन्साळींचे मन वळवले. पण जबरदस्ती केली नाही, बाहेर काढले नाही, आणि त्यांना देवमाणूस म्हणून मखरातही बसवले नाही. आश्रमात जागा दिली, चरखा दिला, शिकवण्याचे काम दिले. भन्साळी तासन् तास सूत काढत.

ऑगस्ट १९४२ मध्ये आमच्या जिल्ह्यातील आष्टी आणि तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातील चिमूर इथे उठाव झाला. चिमूरला त्यानंतर जे लष्कर घुसले, त्याने स्त्रियांवर अत्याचार केल्याच्या तक्रारी आल्या. गांधीजी तुरुंगात, पुढारी तुरुंगात. भन्साळींनी चौकशीची मागणी केली. व्हाइसरॉयच्या मंडळात तेव्हा बापूजी अणे होते. भन्साळी दिल्लीला त्यांच्या दारात जाऊन बसले. पोलिसांनी परत आणून सोडले, तरी उपास सुटला नाही. तो त्रेसष्ट दिवस चालला. सरकारने त्याच्या बातम्यांवर बंदी घातली, आणि त्या बंदीचा निषेध म्हणून ६ जानेवारी १९४३ रोजी देशातील अनेक वृत्तपत्रांनी अंक काढला नाही. १२ जानेवारीला उपास सुटला. चिमूरच्या बायकांचे गाऱ्हाणे देशाच्या कानावर गेले ते या माणसामुळे.

ज्या हट्टाने तारेने ओठ शिवले तोच हट्ट त्रेसष्ट दिवस टिकला. स्वभावाचे दोन तुकडे करून एकाला आजार आणि दुसऱ्याला सत्याग्रह म्हणता येत नाही. ओठ शिवणारा भन्साळी दहा वर्षे आधी कुलूपबंद झाला असता तर चिमूरसाठी बोलणारा भन्साळी उरला नसता.

मात्र इथे एक सापळा आहे, आणि विक्षिप्तांची बाजू घेणारे लेखक त्यात हमखास सापडतात. भन्साळी शेवटी देशाच्या कामी आले, राऊळांमुळे पंथ उभा राहिला, ताजुद्दीन बाबांचा दर्गा झाला. म्हणून त्यांना वेडे म्हणणे चूक होते, असा युक्तिवाद केला जातो. मग जो वेगळा माणूस कोणाच्याच कामी येत नाही, ज्याच्यात प्रतिभा नाही, करुणा नाही, नुसता वेगळेपणा आहे, त्याचे काय? त्याचा मोकळे राहण्याचा हक्क कमी होतो का? उपयोगाची कसोटी लावली की आपण पुन्हा त्या पोलिसाच्या जागी उभे राहतो. फक्त रकाना बदलतो.

दुसरी चूक याच्या उलट आहे. अमक्या संताला तमका आजार होता, असे मेलेल्या माणसाचे निदान करणारे लेख हल्ली निघतात. ज्याला तपासता येत नाही, ज्याची झोप, भूक, भीती विचारता येत नाही, त्याचे निदान भक्तांनी लिहिलेल्या आठवणींवरून करणे हे वैद्यक नव्हे आणि इतिहासही नव्हे. लीला म्हणणारा आणि लक्षण म्हणणारा, दोघेही पुरावा सोडून बोलत असतात.

४. नावे ठेवणारे शास्त्र

मनोविकारशास्त्राने स्वतःच्या चुका कबूल केल्या आहेत, हे त्याच्या टीकाकारांनी विसरू नये. अमेरिकेत १८५१ साली कार्टराइट नावाच्या डॉक्टरने मालकाकडून पळून जाणाऱ्या गुलामांना एक मानसिक रोग असतो असे लिहिले होते. सोव्हिएत राजवटीत सरकारविरुद्ध बोलणाऱ्यांना 'मंदगती' स्किझोफ्रेनियाचे निदान देऊन इस्पितळांत डांबले गेले. समलैंगिकता १९७३ पर्यंत अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत रोग म्हणून होती. जागतिक आरोग्य संघटनेने ती १९९० मध्ये काढली. याच अमेरिकन यादीच्या २०१३ च्या आवृत्तीत, जवळचे माणूस गेल्यावरच्या दुःखाला नैराश्याच्या निदानातून असलेली सूट काढून टाकली, आणि त्यावर तज्ज्ञांतच कडाक्याचे वाद झाले. 'व्यक्तिमत्त्वाचा विकार' या वर्गाचे जुने कप्पेही जागतिक संघटनेने नव्या वर्गीकरणात बहुतांशी मोडून, त्रास किती आहे यावर भर दिला. स्वभाव कोठे संपतो आणि आजार कोठे सुरू होतो, ही रेघ शास्त्रालाही पुन:पुन्हा आखावी लागते.

तरीही सगळे मानसिक आजार हे समाजाने रचलेले मिथक आहे, हे थॉमस सास यांचे १९६१ पासूनचे म्हणणे मला पटत नाही, आणि ते न पटायला वर्धा जिल्ह्यात राहणे पुरेसे आहे. २००६ साली केंद्र सरकारने शेतकरी आत्महत्यांसाठी ज्या सहा जिल्ह्यांना विशेष मदत जाहीर केली, त्यांत वर्धा होता. कर्ज, नापिकी आणि भाव ही कारणे मनाच्या दवाखान्यात सुटणारी नाहीत. ती आजार म्हणून दाखवणे हेही एक खोटे लेबलच आहे. पण त्याच घरांतून 'त्याचे मन लागत नव्हते', 'महिनाभर झोपला नव्हता', 'जेवत नव्हता' ही वाक्येही ऐकू येतात. ती वेळेवर कोणी ऐकली नाहीत. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या विकारांसाठी ७० ते ९२ टक्के लोक उपचारांवाचून असल्याचे आढळले. जिल्ह्यात सेवाग्राम आणि सावंगी अशी दोन मोठी वैद्यकीय महाविद्यालये असूनही 'लोक काय म्हणतील' म्हणून त्या ओपीडीच्या रांगेत उभे न राहणारे आपण सगळे ओळखतो.

म्हणजे परिस्थिती अशी की, जो इतरांना त्रासदायक वाटतो त्याला नाव लवकर मिळते, आणि जो स्वतः त्रासात आहे त्याला उशिरा मिळते किंवा मिळतच नाही. आपली तक्रार खरे तर इथे असायला हवी. लेबल फार लवकर लागते, यापेक्षा ते चुकीच्या माणसाला आणि चुकीच्या कारणासाठी लागते.

५. कागदाची ताकद

हे नुसते शब्दांचे भांडण नाही. वाटणीची वेळ आली की अविवाहित भाऊ अचानक 'डोक्याने कमी' ठरतो. विधवा वहिनी हिस्सा मागते तेव्हा 'तिला झटके येतात'. जातीबाहेर लग्न करणाऱ्या मुलीच्या 'डोक्यावर परिणाम' झालेला असतो. नवऱ्याला बायको नको असते तेव्हा हिंदू विवाह कायद्यातील मानसिक विकाराचे कलम आठवते. या शेवटच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली स्पष्ट केले की रोगाचे नाव सिद्ध होणे पुरेसे नाही. संसार करणे अशक्य व्हावे इतकी त्याची तीव्रता आहे का, हे पाहिले पाहिजे. नावापेक्षा परिणाम पाहा, हाच त्याचा अर्थ.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा याहून पुढे गेला. त्याच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे कोणाची जात, धर्म, राजकीय वा आर्थिक स्थिती यांवरून मानसिक आजार ठरवता येत नाही. समाजात रूढ असलेल्या नैतिक, सांस्कृतिक, धार्मिक वा राजकीय मूल्यांशी माणूस जुळवून घेत नाही, एवढ्यावरूनही ठरवता येत नाही. पूर्वी कधी उपचार घेतले होते, एवढे कारणही पुरत नाही. आणि आजार आहे असे ठरले तरी तेवढ्याने माणूस कायद्याच्या दृष्टीने असमर्थ होत नाही. १८५८ च्या कायद्याशेजारी हे कलम ठेवून वाचावे. पोलिसाचे काम आजही आहे, पण मोकाट फिरणे एवढे आता पुरत नाही. माणूस आजारामुळे स्वतःची काळजी घेऊ शकत नाही, असे मानण्यास कारण लागते, आणि त्याला पकडायचे नसून संरक्षणात घ्यायचे असते.

कायदा चांगला आहे. तालुक्याच्या ठिकाणी तो किती जणांना ठाऊक आहे, हा निराळा प्रश्न. म्हणून गावात, घरात वापरता येतील असे तीन साधे प्रश्न मी सुचवतो. एक, त्रास कोणाला होतो आहे, त्याला की आपल्याला? दोन, तो खातो, झोपतो, स्वतःला आणि दुसऱ्याला इजेपासून जपतो का? तीन, त्याला वेडा ठरवल्याने कोणाचा फायदा होतो? पहिल्याचे उत्तर 'त्याला' आणि दुसऱ्याचे 'नाही' असेल, तर संकोच सोडून डॉक्टरकडे न्यावे. उशीर करू नये. तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात एखादा सात-बारा निघाला, तर आधी वकिलाकडे जावे.

ऋद्धपूरने राऊळांना घास दिला, छावणीने ताजुद्दीन बाबांना कुलूप दिले, सेवाग्रामने भन्साळींना चरखा दिला. तिघांचीही नावे आपल्याजवळ राहिली, कारण तिघांनाही माणसे होती. नागपूरच्या इस्पितळात १८९२ साली बाबांच्या आगेमागे जे आत गेले, त्यांच्या नावापुढच्या रकान्यात कोणीतरी काहीतरी लिहिले होते. ते खरे होते की नाही हे आज कोणाला सांगता येणार नाही. आपल्या हाती आहे ते एवढेच, की पुढचा रकाना भरण्यापूर्वी त्या माणसाशी थोडे बोलावे.